बेटावर पंचवीस

पाणथळीच्या फाटकाशी सूचनांचा एक फळा होता, आणि मोजणीदार त्याच्यासमोर हात पाठीशी बांधून वाचल्याचं सोंग करत उभे होते. सोंग झकास वठलं होतं. वाचणारा माणूस जितका वेळ थांबतो तितकाच वेळ ते थांबत, मध्ये एकदा मान हलवत आणि शेवटी "हं" म्हणत. गेले आठ महिने हे असंच चाललं होतं. फळ्यावर काय लिहिलंय म्हणाल, तर त्यांना फक्त कागदांच्या कडा दिसत होत्या. मधलं सगळं कुणी ओल्या बोळ्याने पुसून टाकावं तसं गेलं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. कडेचं राहील, मधलं जाईल. त्यामुळे मोजणीदार दारावर आपटत नसत, पायऱ्या चुकत नसत, रस्ताही ओलांडत. पण ज्याच्याकडे नजर लावून बघायला जावं नेमकं तेच नाहीसं व्हायचं. माणसांचे चेहरे गेले, छापील अक्षरं गेली. आणि पक्षी गेले, ते सर्वांत जास्त जिव्हारी लागलं.

तेवढ्यात बायको नळावरून पाण्याची बाटली भरून आली.

"काय म्हणतोय फळा?"

"विशेष काही नाही. नेहमीचंच."

हे 'नेहमीचंच' पुढे चांगलंच महागात पडणार होतं. पण त्या घडीला दोघंही खुशीत होती. ऊन कोवळं होतं, पिशवीत डबा होता, आणि लाकडी पायवाटेवर पुढेमागे कुणी नव्हतं.

मोजणीदारांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना अजून मोजणीदारच म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी जमिनी मोजल्या. दुर्बिणीला डोळा लावून, साखळी ताणून, ऊनवारा न बघता. डोळ्यांनी न पाहिलेलं एक मापही त्यांनी कधी कागदावर घेतलं नव्हतं. याच बाण्याने ते पाणथळीवरची पक्ष्यांची गणना करत. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाच लपणांत पाच जण बसायचे, समोर जे येईल ते मोजायचे आणि वहीत लिहायचे. लपण म्हणजे पाण्याकाठची लाकडी खोली. आत एक बाक, समोर आडवी फट, पक्ष्यांना माणूस दिसू नये इतपत. तिसरं लपण बावीस वर्षं मोजणीदारांचं होतं. वहीच्या पहिल्या पानावर नियम होता, 'जे स्वतः पाहिलं तेवढंच लिहावं.' हा नियम भांडून कुणी घालायला लावला होता, तर मोजणीदारांनीच.

मग लपवाछपवी कशाला? त्याला कारण होतं. पाचव्या लपणात आधी एक वयस्कर मास्तर बसायचे. त्यांचे गुडघे गेले तेव्हा त्यांना हार घातला, फोटो काढला, टाळ्या वाजवल्या आणि "आता पाहुणे म्हणून केव्हाही या" असं सांगितलं. मास्तर परत फिरकले नाहीत. जिथे वर्षानुवर्षं घरच्यासारखं वावरलं तिथे पाहुणा म्हणून कोण जाईल? त्या हाराची मोजणीदारांनी धास्ती घेतली होती. लपण गेलं की आपलं या पाण्याशी असलेलं नातंच संपलं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

बायकोला त्यांनी काही सांगितलं नव्हतं. सांगावं लागलंच नाही. ती पुढच्या खोलीत शिवणकाम करायची, सगळी गल्ली तिला टेलरबाई म्हणायची, आणि टाका एक सूत इकडेतिकडे झाला तरी तिला तो लांबून कळायचा. आठ महिन्यांपूर्वी सदरा धुण्याआधी तिने मोजणीदारांच्या खिशातली वही काढून ठेवली, तेव्हा एका ओळीवर दुसरी ओळ लिहिलेली तिला दिसली. तिने मशीनवर कापड झाकलं आणि म्हणाली, "पुढच्या गणनेला मी पण येते. बसून बसून पाठ धरलीय. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." असं कुठल्याही डॉक्टरने सांगितलं नव्हतं. हे मोजणीदारांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. जाड पुठ्ठ्याला ओळीओळीच्या खाचा पाडून तिने त्यांना एक पट्टी करून दिली. ती पानावर ठेवली की अक्षर सरळ ओळीत बसे.

लपणात शिरल्यावर टेलरबाईंनी दुर्बीण गळ्यात अडकवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि कामाला लागल्या.

"डावीकडे उथळ पाण्यात सहा जण. पांढरा सदरा, वर काळा कोट, आणि पाय बघाल तर काय! लालभडक आणि हे एवढे लांब. पायजमा घालायचा झाला तर कापड पुरायचं नाही."

"शेकाटे. सहा. पुढे?"

"गवताच्या कडेला काळेकुट्ट, गोलमटोल. कपाळावर पांढरं ठिगळ. एक, दोन, तीन... एकोणीस. त्यांतले दोघे भांडतायत, पाण्यावर उभे राहून."

"चांदवे. त्यांना भांडायला कारण लागत नाही."

"आपल्या जावयासारखं."

"अगं, हळू बोल."

"त्यांच्यामागे एकजण. डोकं हिरवं, छाती पांढरी, कुशीला तपकिरी कापड लावलेलं. रंगसंगती सुरेख. पण चोच कुणी दिली याला? चमच्यासारखी चपटी. अख्ख्या पोशाखाची शोभा घालवली."

"थापट्या नर. त्या चमच्यानेच तो पाणी गाळतो."

मोजणीदार डोळे मिटून ऐकत होते. मिटलेल्या डोळ्यांपुढे शेकाटे आपोआप चालू लागायचे, थापटे पाणी गाळत गोल फिरायचे. चित्र आधीचं होतं, पण आजचे पक्षी त्यात येऊन बसायचे. मध्येच बायको कुजबुजली, "अहो, कासव! ओंडक्यावर. एकावर एक दोन." मग पाणमांजर आलं. ते पाण्यातून डोकं काढून थेट तिच्याकडे बघून गेलं, असं तिचं म्हणणं पडलं. मोजणीदार सगळं लिहीत गेले.

"आणि अहो, ते समोरचं खडीचं बेट आहे ना, तिथे खूप बसलेत."

"कोण?"

"पांढरेशुभ्र. पाठीवर फिकट राखाडी. डोक्यावर काळी टोपी, पार डोळ्यांपर्यंत ओढलेली. चोच लाल. शेपूट मधोमध कात्री मारून दुभंगलेली."

मोजणीदारांच्या हातातली पेन्सिल थांबली. "पुन्हा सांग."

तिने पुन्हा सांगितलं.

सुरय! या पाण्यावर सुरय उतरून अकरा वर्षं झाली होती. पुराने काठची वाळू वाहून नेली, अंडी घालायला जागा उरली नाही, आणि ते जे गेले ते गेलेच. पाणथळीची रखवालदार, तिशीतली धडपडी बाई, तिने दोन वर्षं खपून ते खडीचं बेट उभारलं होतं. पण त्यावर एक पीसही पडलं नव्हतं.

"हालतायत का?"

"बसलेत निवांत. सगळ्यांची तोंडं एकीकडे, किती शिस्तीत!"

"वाऱ्याकडे! सुरय वाऱ्याकडेच तोंड करून बसतात. अगं, किती आहेत? नीट मोज."

तिने तीनदा मोजले. "पंचवीस. त्यातल्या एकाच्या चोचीचं टोक जरा काळं—"

"असू दे, असू दे!" मोजणीदारांना धीर धरवेना. त्यांनी पट्टी सरकवली आणि 'सुरय, २५' असं ठळक लिहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. बघायला बिनकामाचे झालेले डोळे रडायला मात्र तयार होते. अकरा वर्षांनी सुरय आले आणि आपण इथे होतो, एवढंच त्यांच्या मनात घोळत होतं. डबा न उघडताच ते कार्यालयाकडे निघाले.

कार्यालय म्हणजे एक खोली. लोखंडी कपाट, भिंतीवर पाणथळीचा नकाशा, विजेची किटली आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या पाच खुर्च्या. पहिल्या लपणातल्या नर्सबाई आणि पाचव्यातला बेकरीवाला आधीच चहा घेत बसले होते. रखवालदार वह्या गोळा करत होती.

"मुली, बस खाली!" मोजणीदार दारातूनच गरजले. "तुझ्या बेटावर सुरय आलेत. पंचवीस!"

नर्सबाईंनी बेकरीवाल्याकडे पाहिलं. मग बेकरीवाला खो खो हसत सुटला.

"मोजणीदार, तुम्ही लाकडं मोजलीत की हो! ते खोटे आहेत. पोरीने सुतारकाम करून बसवलेत, खऱ्यांना वाटावं इथे वस्ती आहे म्हणून. फाटकावर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय. वाचलं नाहीत का?"

बोलता बोलता त्याचं लक्ष मोजणीदारांच्या चेहऱ्याकडे गेलं आणि त्याचं हसू विरलं. आता खोलीतला प्रत्येक जण त्याच एका प्रश्नावर येऊन ठेपला होता. बोर्ड वाचला नाही हे एक वेळ ठीक. पण बावीस वर्षांचा मुरलेला माणूस दुर्बिणीतून लाकूड आणि पक्षी ओळखत नाही?

पितळ उघडं पडलं होतं. थाप मारायला अजूनही जागा होती. चष्मा विसरलो म्हणता आलं असतं, ऊन डोळ्यांवर आलं म्हणता आलं असतं. पण चौतीस वर्षांची सवय आडवी आली.

"फळा मी वाचला नाही," ते म्हणाले. "मला वाचता येत नाही. आठ महिने झाले, नजरेचा मधला भाग गेलाय. बघते ही, आणि हिच्या सांगण्यावरून ओळखतो मी. आठ महिन्यांच्या नोंदी अशा आहेत. नियम मीच घालायला लावला होता, आणि तो मीच मोडला." त्यांनी खिशातून तिसऱ्या लपणाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "हार वगैरे काही नको."

नर्सबाईंनी कप खाली ठेवला. रखवालदाराने नकळत किल्ली उचलून खिशात टाकली. तिला हा माणूस म्हणजे चालताबोलता नियम वाटायचा. "काका..." एवढंच ती म्हणाली.

टेलरबाई मात्र अजून दारातच होत्या, आणि त्यांच्या कपाळावर आठी होती.

"ते सगळं आपण नंतर बघू," त्या म्हणाल्या. "लाकडाचे किती बसवलेस तू?"

"चोवीस, काकू."

"पंचवीस आहेत."

"चोवीसच आहेत. दोन डझन. मी स्वतः कापले, स्वतः रंगवले, स्वतः सळईवर बसवले."

"बाळ, चाळीस वर्षं मी बटणं मोजतेय. दोन डझनांत एक जास्त आलं तर मला कळतं. तीनदा मोजले. आणि मग मला एक सांग, पंचविसाव्याच्या चोचीचं टोक काळं का केलंस?"

रखवालदाराच्या हातातल्या वह्या तशाच राहिल्या. "काळं टोक? सगळ्या चोचींना मी एकाच डब्यातला लाल दिला. काळा फक्त टोप्यांना वापरलाय."

मोजणीदार खुर्चीवरून अर्धवट उठले. "टोक काळं होतं? मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की! तुमचं 'असू दे, असू दे' चाललं होतं."

पुढचं सगळं घाईत झालं. रखवालदार तिपाईवरची मोठी दुर्बीण खांद्यावर टाकून पळाली, तिच्यामागे बेकरीवाला, त्याच्यामागे नर्सबाई, आणि सर्वांत शेवटी, बायकोच्या कोपराला धरून, मोजणीदार. तिसऱ्या लपणात चौघांची सोय होती, पाच जण कोंबले गेले. रखवालदाराने दुर्बीण लावली.

मोजणीदारांना फटीची उजेडाची कड तेवढी दिसत होती. ते बाकाच्या टोकाला बसले होते, हात मांड्यांवर ठेवून. आपण आता इथे कुणी नाही, हे त्यांना कळत होतं. आणि तरीही एकच इच्छा होती, हिचं म्हणणं खरं ठरू दे. माझं काय व्हायचं ते होवो, पण हिला कुणी हसू नये.

"एक... दोन..." रखवालदार पुटपुटत होती. "सगळे माझेच आहेत, काकू. मला नाही..."

"मागच्या रांगेत. डावीकडून तिसरा."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग मोजणीदारांनी झटकन मान वर केली.

"वर दुसरा आहे," ते म्हणाले.

"कुठे?" बेकरीवाल्याने विचारलं. "काही दिसत नाही."

"बघू नका, ऐका. बेटाच्या उजवीकडून येतोय."

आणि मग सगळ्यांनाच ऐकू आलं. करकरीत, लांबवलेलं ओरडणं, दोनदा. एक पांढरा पक्षी पाण्यावरून तिरका आला, त्याच्या चोचीत चांदीसारखा लखलखणारा मासा होता. डावीकडून तिसऱ्या लाकडाने मान उंचावली, पंख थरथरवले आणि तोंड उघडलं. येणाऱ्याने मासा त्याच्या चोचीत दिला.

"तो नर," मोजणीदार म्हणाले. त्यांना यातलं काहीच दिसलं नव्हतं. "मासा दिला का त्याने? दिला असेल तर आता राहतील. घरटं करतील."

"दिला, काका," रखवालदार म्हणाली आणि तिने दुर्बिणीवर डोकं टेकवलं. तिला रडू आवरेना. "मी रोज संध्याकाळी बघत होते हो. पहिले आठ दिवस रोज. मग स्वतःच रंगवलेली लाकडं काय बघायची म्हणून सोडून दिलं. खोटे आहेत हे मला माहीत होतं ना, म्हणून मी बघितलंच नाही."

"आम्हाला माहीत नव्हतं," टेलरबाई म्हणाल्या, "म्हणून आम्ही मोजले."

बेकरीवाल्याने मोजणीदारांच्या पाठीवर हात ठेवला. त्याला माफी मागायची होती, पण तसली भाषा त्याच्या सवयीची नव्हती. "पुढच्या गणनेला गरम पाव आणतो," तो म्हणाला, आणि मोजणीदारांना ते पोचलं.

रखवालदाराने डोळे पुसले, खिशातून किल्ली काढली आणि आवाज शक्य तितका सरकारी केला. "नियम मात्र नियमच आहे. जे स्वतः पाहिलं तेवढंच लिहावं. तेव्हा आजपासून तिसरं लपण काकांचं नाही."

मोजणीदारांनी मान हलवली. हे होणारच होतं.

"ते काकूंचं. किल्ली घ्या, काकू. आठ महिन्यांच्या नोंदींवरही तुमची सही लागेल, पाहिलंय तुम्हीच. पण तुम्हाला पक्ष्यांची नावं येत नाहीत."

"कुठून येणार? मला कापडांची नावं येतात."

"म्हणजे मदतनीस लागणार. कान तयार असलेला, नावं पाठ असलेला. आहे का कुणी तुमच्या पाहण्यात?"

टेलरबाईंनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत नजर टाकली. मापाला उभं केल्यासारखी. "आहे एक. सकाळी हाक मारल्याबरोबर उठत नाही, पण बाकी बरा आहे. चालवून घेऊ."

मोजणीदार हसले. आठ महिने ज्या दिवसाची धास्ती घेऊन ते जगले तो दिवस आला होता, सगळ्यांसमोर आला होता, आणि कुणी त्यांना दारापर्यंत पोचवायला निघालं नव्हतं. उलट बाकावर सरकून जागा करून देत होते. नर्सबाई, बेकरीवाला, ही पोर, सगळ्यांचे हात धरून काहीतरी बोलावं असं त्यांना वाटलं. त्यांनी नुसती मान खाली घातली. माणसं किती चांगली असतात, आणि आपण त्यांच्यापासून पळत होतो.

एकेक करून बाकीचे गेले. रखवालदार वरिष्ठांना फोन करायला धावली. लपणात दोघंच उरली. टेलरबाईंनी डबा उघडला, त्यांच्या हातात घास दिला, आणि दोघं पाण्याकडे तोंड करून खात बसली.

"अगं," मोजणीदार म्हणाले. बायकोचे आभार मानायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती, त्यामुळे सुरुवात कुठून करायची ते त्यांना ठाऊक नव्हतं. "आठ महिने तू रविवारची मशीन बंद ठेवून येतेस. मी एकदाही काही म्हटलं नाही."

"काय म्हणायचं असतं?"

"तुझे फार उपकार झाले."

"शेजाऱ्याने शिडी दिल्यासारखं बोलू नका."

"मग कसं बोलू? तू नसतीस तर माझं सगळं गेलं असतं. डोळे गेले ते गेले, हे पाणीही गेलं असतं. तू ते माझ्या हातात आणून ठेवलंस. हे मला सांगायचंच होतं."

टेलरबाई बोलण्यात कधी हार न जाणारी बाई, पण आता तिला पदराने चष्मा पुसावा लागला. "मीच म्हणायला हवं," ती शेवटी म्हणाली. "चाळीस वर्षं मी सुईच्या टोकापलीकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. तुमचे डोळे गेले म्हणून मी इथे आले, हे मनात आलं की वाईट वाटतं. पण आले ते फार बरं झालं हो."

मोजणीदारांनी तिचा हात शोधला. तो बाकावर त्यांच्या हाताशेजारीच होता. बोटांची टोकं सुईने खरखरीत झालेली होती.

"आता समोर काय आहे?" त्यांनी विचारलं.

"आता काही नाही. चांदवे गवतात गेले. नुसतं पाणी आहे."

"मग पाणी सांग."

तिने चष्मा डोळ्यांवर चढवला, जरा पुढे सरकली आणि सांगायला लागली.